फाटकाशी उतरायचं

लाँड्रीत सगळे तिला भट्टी म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कोणाची होती? तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला राग नव्हता. जगात ज्या मोजक्या गोष्टींचा तिला राग नव्हता त्यांतली ही एक. बाकी राग करायला कारणं हवी तेवढी होती, आणि हिवाळ्यात तर ती सकाळी डोळे उघडायच्या आधीच रांग लावून उभी असत.

पहिला राग सायकलच्या सीटचा. जिन्याखाली ठेवलेली सायकल, पण जिन्याला दारच नव्हतं, म्हणून सीटवर रोज गोठलेल्या दवाचा पांढरा थर जमलेला असे. तो बाहीने पुसायचा. मग स्वेटरच्या आत छातीशी जुनं वर्तमानपत्र सरकवायचं, कान बांधायचे, दोन मोजे चढवायचे आणि निघायचं. सगळी गल्ली पांघरुणात, आणि ही बाई अंधारात पायडल मारतेय. पुलाखालून बाहेर पडलं की कालव्याकाठचा उघडा रस्ता लागे. तिथे वारा असा बोचायचा की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि नाक आहे की गेलं हे हात लावून पाहावं लागायचं. अशा वेळी ती वाऱ्याला शिव्या द्यायची, अगदी मोठ्याने. ऐकायला होतं कोण?

पण सायकलचा एक गुण तिला मान्य होता. कालवा संपेपर्यंत अंगात ऊब यायची. आधी पाठीला, मग मांड्यांना, आणि सगळ्यात शेवटी, अगदी रडतखडत, बोटांच्या टोकांना. बोटांत रक्त परतताना झिणझिण्या यायच्या, त्या तिला आवडायच्या. ही फुकटची शेगडी पेटायला आणि लाँड्रीचं फाटक यायला एकच गाठ पडायची. आणि नेमकं तिथेच उतरावं लागायचं.

कारण नियमच तसा होता. सायकलवाल्यांनी फाटकाशी उतरायचं आणि सायकल हातात धरून आत चालत जायचं. साहेबांची गाडी भुर्रकन आत जायची. कारकुनाची स्कूटर जायची. चादरींचा टेम्पो तर धूर सोडत जायचा. उतरायचं ते सायकलवाल्यांनी. फाटकापासून सायकली ठेवायच्या छपरापर्यंत लांबलचक रस्ता, एका बाजूला ऑफिस, दुसऱ्या बाजूला नुसतं मोकळं मैदान. अंगावर आलेला घाम त्या रस्त्यावर गार पडायचा. हँडलचं लोखंड हातमोज्यातून हाडापर्यंत जायचं. आणि असे गारठलेले हात घेऊन तिला थेट वाफेच्या इस्त्रीपाशी उभं राहावं लागायचं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, एकामागून एक. गार हात एकदम गरम वाफेवर गेले की बोटं सुजायची, खाजायची, आणि हिवाळा सरेपर्यंत पेरापेरावर भेगा पडायच्या. त्या भेगांत साबणाचं पाणी गेलं की भट्टीच्या तोंडून जे शब्द निघत, ते ऐकून नव्या आलेल्या मुली लाजून घड्या चुकवायच्या.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण फाटकावर उभा असलेला वॉचमन तिचा सख्खा दीर होता.

नवऱ्याचा धाकटा भाऊ. एकाच इमारतीत, एका भिंतीआड दोन बिऱ्हाडं. माणूस गरीब, म्हणजे स्वभावाने. कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती फाटकाजवळ आली की तो दोन पावलं पुढे यायचा आणि हळूच म्हणायचा, "वहिनी, उतरा." अहोजाहो करून. तो खेकसला असता तर तिने चालवून घेतलं असतं, कारण खेकसणाऱ्याशी भांडता येतं. त्या अदबीने तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

भांडण रोजचंच होतं. ती विचारायची, तुमच्या साहेबांना गाडीतून उतरवता का कधी? तो म्हणायचा, गाडीचं मला काही सांगितलेलं नाही. ती म्हणायची, एक दिवस उतरले नाही तर काय फाशी देणार आहात? तो खाली बघायचा. मागे सायकलींची रांग लागायची, लोक हसायचे, आणि शेवटी ती उतरायचीच. घरी तो जेवायला आला तर ताट असं आपटायची की पाण्याचा पेला हलायचा. नवरा म्हणायचा, "अगं, वड्याचं तेल वांग्यावर काढतेस तू. नियम काय त्याने केलाय?" हे तिलाही पटायचं. नियम वरच्यांनी केला, हा बिचारा राबवतोय. पण वरचे वर होते, जिना चढून गेल्यावर. हा रोज समोर होता.

एकदा तर ती मुद्दाम खूप लवकर निघाली होती, हा काय करतो ते बघायला. दिवे नव्हते, माणूस नव्हता. दीर सायकलवरून आला, फाटकाशी उतरला, कुलूप उघडलं, आणि त्या निर्मनुष्य रस्त्यावरून स्वतःची सायकल हातात धरून शेवटपर्यंत चालत गेला. बघणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. भट्टीला त्याची दया यायला हवी होती. तिला इतका संताप आला की तिने सायकल फाटकावर आदळली. माणसाने मऊ असावं, पण किती?

या सगळ्यात घडीवाल्या मावशी होत्या. वाफेखालून निघालेल्या चादरींच्या घड्या घालायचं टेबल त्यांचं. लाँड्रीतल्या सगळ्यांत जुन्या, हात असे की चादर टेबलावर पडायच्या आत चौकोनी व्हायची. फक्त डावा गुडघा गेलेला. गंमत अशी की त्यांना चालता येत नव्हतं पण सायकल चालवता येत होती. उजव्या पायाने दाबायचं आणि डावा नुसता फिरवत ठेवायचा. बुटकी सायकल होती त्यांची. त्या म्हणायच्या, "देवाने पाय दिले ते बिघडले, हे मी दुकानातून आणलेत, हे चांगले आहेत." घरून फाटकापर्यंत त्या राणीसारख्या यायच्या. फाटकापासून छपरापर्यंत सायकलवर ओणव्या होऊन, एकेक पाऊल ओढत. भट्टी त्यांच्याबरोबर चालायची आणि दोघींच्या वाटचा राग एकटीच करायची, कारण मावशींना राग करायला जमायचं नाही.

त्या हिवाळ्यात थंडीने कहर केला होता. एका सकाळी मोरीचं पाणी रस्त्यावर येऊन गोठलं, आणि सगळ्या रस्त्यावर काचेसारखा पातळ बर्फ बसला. भट्टी मावशींच्या मागेच होती. मावशींनी त्या दिवशी पहिल्यांदाच फाटकावर तोंड उघडलं. म्हणाल्या, आज बसून जाऊ द्या ना भाऊ, गुडघा अगदी वळत नाहीये. दिराने ऑफिसच्या उजेड असलेल्या खिडकीकडे पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं. "नियम आहे हो मावशी," तो म्हणाला. "सांभाळून जा." भट्टीने त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचं बोलणं संपायच्या आत मावशी दहा-बारा पावलं पुढे गेल्या होत्या, आणि सायकल घसरली. सायकलचाच आधार घेतलेला, ती सायकलच पायांखालून निघाली. मावशी खाली, सायकल वर.

खुब्याच्या हाडाला चीर पडली होती. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या, पण काही आठवडे पलंगावरून हलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मुकादम इस्त्रीपाशी आला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला की घडीच्या टेबलावर नवी बाई येणार आहे. साहेब म्हणतात, ज्यांना धड चालता येत नाही त्यांना कामावर कशाला ठेवायचं, उद्या पुन्हा पडतील. मावशींचं घर मावशींच्याच हातांवर चालत होतं. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. ती जागा गेली तर बाईने त्या पलंगावरून उठून जायचं कुठे?

भट्टीने वाफ बंद केली. अर्धी चादर इस्त्रीखाली, अर्धी बाहेर, तशीच सोडली. ओल्या कपड्यांनिशीच ती अंगण ओलांडून ऑफिसकडे गेली आणि जिना चढली. इतकी वर्षं इथे काम केलं, पण हा जिना ती पहिल्यांदा चढत होती.

साहेब सभ्य माणूस. आवाज चढवायचा नाही, बसल्या जागेवरून सगळं चालवायचं. हीटरजवळ पाय घेऊन बसले होते. भट्टीने उभ्याउभ्याच सुरुवात केली. मावशी चालता येत नाही म्हणून पडल्या नाहीत, त्यांना चालायला लावलं म्हणून पडल्या. सायकलवर बसून गेल्या असत्या तर आज टेबलाशी असत्या. तुमच्या नियमाने त्यांचं हाड मोडलं, आणि आता तुम्हीच त्यांची जागा काढून घेता?

"कुठला नियम?" साहेबांनी विचारलं.

तिला वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिल्यावर कळलं, नाही. सायकलवाल्यांना उतरवायचा असा काही नियम कंपनीत नाही, त्यांनी कारकुनालाही विचारून खात्री करून घेतली. मग फाटकावरून वॉचमनला बोलावणं गेलं.

दीर आला. टोपी हातात, नजर पायांशी. साहेबांनी विचारलं तसं त्याने सांगितलं. तो कामावर लागून दोन-चारच दिवस झाले होते. तेव्हा जुने मोठे मालक होते. अशीच थंडी, असाच रस्त्यावर बर्फ. मोठे मालक फाटकाशी गाडी थांबवून म्हणाले, रस्ता निसरडा झालाय, सायकलवाले पडतील, त्यांना उतरवून सोड. त्याने उतरवलं. दुसऱ्या दिवशीही उतरवलं.

"आणि उन्हाळ्यात?" साहेब म्हणाले.

"मालकांनी पुन्हा काही सांगितलं नाही," दीर म्हणाला.

मोठे मालक वारले, मुलाने ऑफिसात साहेब नेमले, रस्ता दोनदा नवा झाला. आणि लोक एका माणसाने एका सकाळी काळजीपोटी टाकलेल्या शब्दाखातर, उन्हात, पावसात, थंडीत चालत राहिले. पडू नयेत म्हणून उतरवलेली माणसं. त्यातली एक उतरवल्यामुळेच पडली.

दिराच्या मुस्कटात मारावी, तिथल्या तिथे, असं भट्टीच्या मनात आलं, हातही शिवशिवला. आपल्या भेगाळलेल्या बोटांचा एकेक हिवाळा तिला आठवला. साहेबांचा चेहरा मात्र एकदम हलका झाला होता. खुर्चीत ते जरा पुढे सरकले. "म्हणजे कंपनीचा यात काही संबंधच नाही," ते म्हणाले. "याने आपल्या मनाने केलं. तुम्ही रोज बघत होतात, तुम्ही फक्त तेवढं सांगा. याला आजच घरी पाठवतो. तुम्हालाही याचा त्रासच होता, हो ना?"

मान खाली घालून, टोपीची कड चिमटीत धरून दीर नुसता उभा होता. एक शब्द पुरला असता. इतकी वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडली, आता साहेबांनी ती बोटं मोडायचं काम आपल्या अंगावर घेतलं होतं. पण भट्टीचा राग भाड्याने मिळण्यातला नव्हता. दिराला मारायचं असेल तर ती स्वतः मारेल, घरी, चपलेने. या माणसाच्या हातात ती चप्पल देणार नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळावर द्यायची ही घाई कशाला चाललीये, ते तिला चांगलं समजत होतं.

ती साहेबांच्या टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी गेली. तिथून सगळा रस्ता दिसत होता. फाटक दिसत होतं, छप्पर दिसत होतं, मावशी पडल्या ती जागासुद्धा दिसत होती.

"तुम्ही रोज सकाळी इथे बसता," ती म्हणाली. "आम्ही सगळे तुमच्या खिडकीखालून चालत जातो. सगळे. उन्हापावसात. हातात सायकली धरून. नियम नव्हता, तर ही माणसं का चालतात, असा प्रश्न तुम्हाला एकदाही पडला नाही?"

साहेबांनी खिडकीतून पाहिलं, जणू रस्ता नवाच होता. "मला वाटलं," ते म्हणाले, "तुम्हा लोकांची तशी पद्धत असेल."

भट्टी हसली. ते हसू पाहून दीर एक पाऊल मागे सरला. मग तिने साहेबांना सांगितलं, आवाज न चढवता, आणि ती आवाज चढवत नव्हती म्हणून ते जास्तच भयंकर होतं. मावशी उठून येईपर्यंत ते टेबल त्यांचंच राहील. घड्या बाकीच्या बायका वाटून घालतील. वॉचमन फाटकावरच राहील. आणि हे जमणार नसेल तर ज्याला कोणाला विचारायचं असेल त्याने विचारावं, लाँड्रीतला एकेक माणूस सांगेल की आम्ही साहेबांच्या डोळ्यांदेखत चालत होतो आणि साहेब कप हातात घेऊन बघत होते. शेवटी साहेब म्हणाले की ठेवू जागा, त्यात काय एवढं.

जिन्यात दिराने तिला गाठलं. "वहिनी, 'आता उतरवणं पुरे' असं मला कोणी म्हटलंच नाही हो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तिने त्याला सांगितलं की रडायचं असेल तर मावशींसमोर जाऊन रडा, माझ्यासमोर नको. आणि ती पुढे गेली. इस्त्रीखालची चादर पिवळी पडून गेली होती.

कामावरून सुटल्यावर ती तशीच मावशींकडे गेली. मावशी उशांना टेकून बसल्या होत्या, आणि हातांना सवय म्हणून पांघरुणाच्या टोकाच्या घड्या घालत होत्या. भट्टीने जागा राहिल्याचं सांगितलं तसा त्यांनी तिचा हात धरला आणि काही वेळ सोडलाच नाही. मग भट्टीने बाकीचं सांगितलं. साहेब, खिडकी, मोठे मालक, दीर. सांगता सांगता तिचा पारा पुन्हा चढला. दिराला ती काय नाही ते बोलली.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. "पोरी, पण तू तर रोज भांडायचीस. मग वर जाऊन एकदा विचारलं का नाहीस?"

भट्टीने मावशींच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला आणि निघाली. परत येताना कालव्याकाठच्या वाऱ्याला तिने एकही शिवी दिली नाही. सगळा संताप आत वळला होता आणि तिथे त्याला बसायला जागा नव्हती. दिरावर खेकसणं सोपं होतं. तो घरातला होता, खाली मान घालणारा होता, ताट आपटलं तरी उद्या पुन्हा वहिनी म्हणणारा होता. जिना चढायला दम लागतो. इतकी वर्षं आपण जिना चढायला लागणारा राग फाटकाशीच खर्चून टाकत होतो, आणि वर त्याला स्वाभिमान म्हणत होतो, हे तिला पायडल मारता मारता उमगलं. उमगल्याने बरं वगैरे वाटलं नाही. आणखी चीड आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी होती. बातमी फिरली होती. पुढचे लोक सायकलींवरून आत जाताना दिराला काहीबाही बोलत होते, एक जण तर त्याच्या पायाशी थुंकला. तो बाजूला उभा होता, सगळं अंगावर घेत. भट्टी जवळ आली, आणि पाय आपोआप पायडलवरून सुटला, जमिनीला लागला. सवयीचं जनावर. तिने तो पाय परत वर ओढला, स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली, आणि बसून आत गेली.

चार पायडल मारले असतील नसतील, छप्पर आलं.

एवढंच होतं ते. तिने मागे वळून पाहिलं. इतकुसा रस्ता. मावशी पडल्या ती जागा कधी गेली तेही कळलं नव्हतं. तिने हातमोजे काढले. बोटं गरम होती. कामावर येऊन हात गरम असण्याचा हा पहिला हिवाळा, आणि त्या गरम हातांकडे बघता बघता तिला असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. थंडीचं नव्हतं.

इस्त्रीकडे न जाता ती ऑफिसचा जिना चढली. साहेब नुकतेच आले होते, मफलर अजून गळ्यातच होता. तिने दार ढकललं.

"आणखी कुठले कुठले नियम नाहीत, ते आज एकदाच सांगून टाका," ती म्हणाली. "इस्त्रीपाशी स्टूल ठेवायचं नाही, हे कोणी सांगितलं? मोजे वाफेच्या नळीवर वाळत घालायचे नाहीत, हे कोणाचं? काम चालू असताना पाणी प्यायला जायचं नाही. मोरीकडचं दार उघडायचं नाही. यातलं तुमचं कुठलं, आणि आमचं आम्हीच घातलेलं कुठलं?"

साहेब मफलर सोडायचं विसरले. कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने छताकडे पाहिलं. पाहून सांगतो, असं ते म्हणाले.

"पाहा," ती म्हणाली. "मी थांबते."

आणि समोरची खुर्ची ओढून ती बसली. कामावरच्या माणसांनी त्या खुर्चीत बसायचं नसतं, असंही तिला कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं.